पायांसकट

बॅले नर्तकीचं चित्र म्हटलं की डोळ्यांपुढं आधी झगा येतो. पांढरा, जाळीचा, कमरेभोवती फुललेला. मग लांब मान, डोक्यावर कमान केलेले हात आणि अंगठ्याच्या टोकावर तोललेलं एक पाऊल. कॅलेंडरवर, हॉटेलांच्या भिंतींवर, दुकानात तयार मिळणाऱ्या फ्रेमांमध्ये हीच नर्तकी असते. तिला वजन नसतं, दम लागत नाही, आणि पाऊल इतकं निमुळतं रंगवलेलं असतं की त्यात पाच बोटं असतील यावर विश्वास बसू नये. असलं चित्र काढायची इच्छा मला कधी झाली नाही. भाचीचं चित्र काढावंसं वाटलं ते मात्र तिच्या पायांमुळंच.

भाची मुंबईची. लहानपणापासून बॅले शिकते, आता कॉलेजात जाते. मे महिन्यात आईबरोबर आजोळी सोलापूरला येते आणि ऊन कितीही भाजत असलं तरी सकाळचा सराव चुकवत नाही. आमचं घर पूर्व भागातलं. पुढच्या खोलीत एके काळी वडिलांचा खड्डामाग होता. माग गेला, खड्डा बुजवला, पण तेवढी जागा अजून वेगळी ओळखू येते. बाकी खोलीला शहाबादी फरशी आणि मध्ये नंतर घातलेल्या कोब्याचा चौकोन. भाची नेमकी त्या चौकोनावर उभी राहते, कारण तिथं पाय घसरत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून ती गुडघे वाकवते, सरळ करते, पुन्हा वाकवते. वडील त्याच जागी खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि पावड्या दाबायचे. मागाचं निम्मं काम पायांचं असतं. विणून निघालेल्या कापडात ते पाय कुणाला दिसत नाहीत.

एकदा सराव संपल्यावर ती जरा टेकून उभी राहिली. एक बूट काढलेला, दुसरा पायात. कमरेवर हात, तोंड अर्धवट उघडं, गळ्यावर घाम. लिओटार्डवर, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या सरावाच्या कपड्यावर, सरावाचा अर्धा टुटू, म्हणजे तो जाळीचा झगा, चढवलेला होता, तोही एका बाजूनं चुरगळलेला. शेजारच्या आजी दारात आल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आगं, पोरीचे पाय बघ की! काय करून घेतलंय ओ हे?"

मी बघितलं. अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळून काळं झालेलं. करंगळीभोवती पांढरी चिकटपट्टी, तिच्या कडा मळून करड्या झालेल्या. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं आणि त्यावरचं कातडं जाड, चकचकीत. पोटरी दगडी. आणि विसावा घेतानासुद्धा दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली, कारण बॅलेत पाय खुब्यापासून बाहेर फिरवायला शिकवतात आणि इतक्या वर्षांनी शरीर ते विसरत नाही. आजी घरात जाऊन खोबरेल घेऊन आल्या. मी कागद काढला.

माध्यमाचा विचार करावाच लागला नाही. हे पेस्टलचंच काम होतं. शाळेत मुलं वापरतात ते ऑइल पेस्टल वेगळं, त्यात मेण आणि तेल असतं. मी म्हणते ते कोरडं, मऊ पेस्टल. रंगाची पूड, थोडी खडूची नाहीतर पांढऱ्या मातीची भुकटी आणि कांडी धरून ठेवण्यापुरता डिंक, बस्स. तेल नसल्यामुळं ते पिवळं पडत नाही, तडकत नाही. कागदाच्या खरखरीत अंगात रंगाचे कण नुसते अडकून बसतात. व्हेनिसची रोझाल्बा कारिएरा याच कांड्यांच्या जोरावर १७२०मध्ये पॅरिसच्या राजेशाही अकादमीची सभासद झाली, तेही बायकांना तिथं क्वचितच जागा मिळत असताना. तिच्यानंतर मोरिस केंतां द ला तूरनं पेस्टलमध्ये माणसांचे चेहरे असे उभे केले की आज पावणेतीनशे वर्षांनीही त्यांच्या गालांवरचा रंग उतरलेला नाही. आणि शार्दां, आयुष्यभर तैलरंगात काम केलेला माणूस, म्हातारपणी डोळे साथ देईनात तेव्हा पेस्टलकडं वळला. १७७०च्या दशकातली त्याची चष्मा लावलेली आत्मचित्रं मला राजेरजवाड्यांच्या कुठल्याही चित्रापेक्षा मोठी वाटतात.

पेस्टलला पंखा चालत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात हे सांगायला सोपं आहे, पाळायला नाही. पंखा लावला की कागदावरून सुटलेली धूळ खोलीभर होते आणि नाकातोंडात जाते. तोंडानं फुंकर मारणं तर मी शाळेतल्या मुलांनाही कधी करू दिलं नाही, कारण काही रंगद्रव्यं विषारी असतात. बोर्ड किंचित पुढं झुकवून ठेवायचा, मागून टिचकी मारायची, म्हणजे सुटी पूड सरळ खाली कागदाच्या पन्हळीत पडते. मी तोंडाला फडकं बांधते. या गावात गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं छाती भरलेली माणसं प्रत्येक गल्लीत होती, आमच्या घरातही होती. धुळीचा हलगर्जीपणा मला जमत नाही.

तर कामाला सकाळची वेळ ठरली, सरावानंतरची, ऊन चढायच्या आतली.

पहिला प्रश्न उजेडाचा. बॅलेच्या चित्रांतलं सर्वांत प्रसिद्ध पेस्टल म्हणजे फ्रेंच चित्रकार एदगार दगाचं 'तारका'. १८७६च्या आसपासचं, आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. रंगमंचावर एकटी नर्तकी पुढं झेपावलेली, आणि तिच्यावर उजेड पडतोय तो खालून. त्या काळी रंगमंचाच्या कडेला दिव्यांची रांग असायची. त्यामुळं हनुवटीचा खालचा भाग, नाकपुड्या, भुवयांखालची खोबण उजळते आणि एरवी जिथं उजेड असतो तिथं सावली येते. आपल्याकडं हा खालचा उजेड बघायचा तर सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगचित्र आठवावं, मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं. तिथं दिवा घरातला आहे म्हणून चेहरा शांत वाटतो. दगाच्या नर्तकीला तोच उजेड बाजारात उभं करतो.

आमच्या खोलीत दिवा नव्हता, पण खालचा उजेड होता. सोलापूरचं सकाळचं ऊन खिडकीतून शहाबादीवर पडतं आणि तिथून उलटं वर उसळतं. भाचीच्या हनुवटीखाली, गळ्याच्या खळीत आणि दंडाच्या आतल्या बाजूला त्या फरशीचा निळसर करडा उजेड चढला होता. मानेची शीर कानामागून हाडापर्यंत मागावरच्या ताणलेल्या सुतासारखी उभी. चेहऱ्याआधी मी ती शीर काढली. मान एकदा खरी बसली की चेहरा तिच्यावर आपोआप टेकतो, असा माझा अनुभव आहे.

कागद तपकिरी करड्या रंगाचा घेतला होता. पांढऱ्या कागदावर आपल्या रंगाची माणसं काढायला बसलं की सुरुवातीलाच ती काळवंडतात आणि मग चित्रकार घाबरून गुलाबी पांढरा फासत सुटतो. मधल्या छटेच्या कागदावर अंधार आणि उजेड दोन्हीकडं जायला वाट असते. आधी कोळशानं बांधणी. मग कडक कांड्यांनी गडद भाग, मातकट हिरवा आणि जांभळट तपकिरी. त्यावर गेरू, पिवडी, विटकरी. पेस्टलचे रंग पॅलेटवर कालवता येत नाहीत. एकाशेजारी एक, एकावर एक अशा रेघा ओढत जायचं, मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांनी करायचं. कातडीचा म्हणून कुठलाच एक रंग पेटीत नसतो. तिच्या खांद्यावर उजेड पडला होता तिथं मी फिकट पिवळा लावला, आणि त्याच्या शेजारी गार हिरवा ठेवल्यावर तो खांदा घामेजला. बोटानं चोळायचा मोह फार होतो. सगळं चोळून गुळगुळीत केलं की रंगाचे कण चपटे होतात आणि त्यांच्यावरचा उजेड मरतो. मी फक्त गालाच्या खालच्या सावलीत बोट फिरवलं. बाकी रेघा तशाच ठेवल्या.

झग्यापाशी मात्र मी रेंगाळले. विणकराच्या घरातली मुलगी कापडापाशी रेंगाळणारच.

दगा म्हणायचा की लोक मला नर्तकींचा चित्रकार म्हणतात, पण मला रस आहे तो हालचाल पकडण्यात आणि सुंदर कापडं रंगवण्यात. त्याच्या काळातले हे झगे टार्लटनचे असायचे. टार्लटन म्हणजे विरळ विणीचं, खळ देऊन ताठ केलेलं सुती कापड. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची गल्ली आठवली. लहानपणी मी ताणे पसरून कुंचल्यांनी खळ लावताना बघितली आहे. पिठाचा तो आंबूस वास, आणि वाळल्यावर सुताला येणारा ताठपणा. पॅरिसच्या ऑपेरा नाट्यगृहातली नर्तकी ज्या ढगात उभी असते तो ढग पिठाचा आणि सुताचाच. सोलापुरात पहिली कापडगिरणी, आपली जुनी गिरणी, सुरू झाली १८७७ साली. दगा नर्तकींच्या चित्रांत गळ्यापर्यंत बुडाला होता तीच ही वर्षं.

त्या कापडापायी एक जीव गेलाय. एमा लिव्री ही पॅरिस ऑपेराची तरुण नर्तकी. १८६२मध्ये तालमीच्या वेळी तिचा झगा गॅसच्या दिव्यावर पेटला, आणि भाजलेल्या जखमांनी पुढच्या वर्षी ती गेली, अवघ्या विसाव्या वर्षी. कापड पेटू नये म्हणून रसायनात बुडवून घ्यायची पद्धत तेव्हा निघाली होती. पण तसं केलं की कापड कडक व्हायचं, मळकट दिसायचं, आणि तिनं ते घालायला नकार दिला होता. तिला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. रंगमंचावर हलकं दिसणं हीच जिची भाकरी, तिनं जड कापड कसं निवडावं?

आता टुटू नायलॉनच्या जाळीचा असतो. तो रंगवताना एकेक धागा काढत बसायचं नाही. पांढऱ्या कांडीवरचा कागद सोलून काढायचा, ती आडवी धरायची आणि कागदाला जेमतेम टेकवून ओढायची. कागदाच्या उंचवट्यांना रंग लागतो, खळग्यांत लागत नाही, आणि जाळी आपोआप दिसायला लागते. एका थरातून मांडी दिसते, दोन थरांतून तिचा अंदाज येतो, तीन थरांनंतर फक्त करडा पांढरा उरतो. चुरगळलेल्या बाजूला मी हात जड केला, तिथं जाळी मोडली होती. दगा तर आपल्या पेस्टलवर वाफ सोडायचा, ओल्या झालेल्या रंगाचा लगदा करून पुन्हा त्यावर कोरडे थर चढवायचा. मी ते करून बघितलेलं नाही आणि या चित्राला त्याची गरजही नव्हती.

मग पाय.

एका पायात सॅटिनचा बूट, दुसरा उघडा. टोकावर उभं राहायच्या या बुटात लोकांना वाटतं तसं लाकूड नसतं. कापडाचे आणि जाड गोणपाटासारख्या तागाचे थर खळीनं एकमेकांना चिकटवून त्याचं टोक घडवतात. म्हणजे इथंही खळच. नाचून नाचून, घामानं ती मऊ पडते आणि बूट मरतो. मोठ्या कंपन्यांतल्या नर्तकींचा एक जोड एका प्रयोगातसुद्धा संपतो. भाची बुटाच्या टोकावर जाड दोऱ्यानं रफू करते म्हणजे तो थोडा जास्त टिकतो. आमच्या आईचा सुईदोऱ्याचा डबा मांडीवर घेऊन ती ते टाके घालत बसते तेव्हा घरातली कुठलीही मुलगी वाटते.

आणि रंग. बूट फिकट गुलाबी, पाय गव्हाळ. गोऱ्या पायाशी सलग दिसावा म्हणून ठरलेला तो गुलाबी आहे, म्हणजे नर्तकीची रेघ कमरेपासून अंगठ्यापर्यंत न तुटता जावी. भाचीच्या घोट्यापाशी ती रेघ तुटते. काळ्यासावळ्या नर्तकी वर्षानुवर्षं आपल्या बुटांना मेकअपचा लेप लावून ते कातडीच्या रंगाचे करत आल्या. लंडनच्या फ्रीड कंपनीनं तपकिरी छटांचे बूट बाजारात आणले ते २०१८ साली. हे मला भाचीनंच सांगितलं, सुई ओवता ओवता, अगदी सहज. मला मात्र ते ऐकून राग आला आणि अजून आहे. चित्रात मी तो गुलाबी आणि तो गहू यांच्यात काहीच मवाळ केलं नाही. घोट्यावर कड धारदार ठेवली. जिथं जग तिला तोडतं तिथं चित्रात सांधा करून देणं म्हणजे खोटं बोलणं.

उघडं पाऊल काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. नखाचा काळा हा काळ्या कांडीनं होत नाही, तो जांभळ्यावर गडद हिरवा टाकून होतो. पट्टीचा पांढरा टुटूच्या पांढऱ्याहून पिवळा. हाडावरच्या त्या चकचकीत कातडीला एकच ठिपका, अगदी शेवटी, सगळ्यात मऊ कांडीनं.

पाय काढताना डोक्यात सारखी मारी व्हान ख्यूथेम होती. दगाच्या 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' या शिल्पासाठी उभी राहिलेली मुलगी. आईबाप बेल्जियमहून पॅरिसला आलेले, आई धोबीण. ऑपेराच्या शाळेत अशा गरीब घरच्या पोरी भरती व्हायच्या आणि लोक त्यांना उंदीर म्हणायचे. रंगमंचामागच्या दालनात वर्गणीदार श्रीमंत पुरुषांना मोकळा प्रवेश असायचा. दगाच्या चित्रांत पडद्याआड जे काळे कोट उभे दिसतात, ते हेच. मेणाचं ते शिल्प, खऱ्या कापडाचा झगा घातलेलं, १८८१च्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवलं तेव्हा पुष्कळ टीकाकारांनी त्या पोरीला कुरूप ठरवलं. पुढच्याच वर्षी मारीला ऑपेरातून काढून टाकलं गेलं. शिल्प आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. नाचणारीच्या कलेवर जीव टाकायचा आणि तिच्या जगण्याकडं पाठ फिरवायची, हे आपल्या जिल्ह्यानं कमी केलेलं नाही. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकर तमाशा सुरू असताना कनातीमागं बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. माझ्या मनात दर वेळी एकच येतं: त्या रात्री समोर बसलेल्यांना ती बाई दिसली होती का, की फक्त नाच?

दगाला दिसत होतं, असं मला वाटतं. त्याच्या कितीतरी नर्तकी जांभया देतात, पाठ खाजवतात, घोटा चोळत बसतात. झेपावणाऱ्या नर्तकीपेक्षा बाकावर वाकून घोटा धरणारी नर्तकी मला जास्त खरी वाटते. पण त्याला त्यांच्याबद्दल माया होती का, याची मला त्याची चित्रं बघून खात्री पटत नाही. चेहरे पुष्कळदा पुसट, कधी मुद्दाम ओबडधोबड. मला भाचीचा चेहराही हवा होता आणि पायही, एकाच कागदावर, एकाच काळजीनं काढलेले. आम्ही एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून शिकत आलो ते वास्तववादी चित्रण प्रमाणबद्धता शिकवतं, छायाप्रकाश शिकवतं. कुठल्या गोष्टीवर किती वेळ नजर ठेवायची हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि माझ्या मते चित्राचा खरेपणा तिथंच ठरतो.

"मावशी, हलू का?" ती मधूनच विचारायची. पाय बधिर झाला तरी आपणहून हलायची नाही. शिस्त अशी अंगात मुरलेली. मीच मग कांडी खाली ठेवायची.

चित्र झाल्यावर बहिणीला ते आवडलं, मनापासून आवडलं. चेहरा तर हुबेहूब, म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ते नख आणि पट्टी तेवढी नसती तर." तिचंही खरं होतं. आईला लेकीची जखम भिंतीवर नको असते. नव्या पेठेतल्या फ्रेमवाल्याकडं आम्ही तिघी गेलो. काच साधीच हवी होती मला. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ती पेस्टलची पूड ओढून घेते, म्हणून ते नको. काच आणि कागद एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये जाड पट्टी. फ्रेमवाल्यानं माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे, कोपरे चित्रावर धरून दाखवले, तशी बहीण हळूच म्हणाली, "खालून जरा वर घ्या की, गुडघ्यापर्यंत."

त्यानं कोपरा वर सरकवला. खरंच फार देखणं दिसायला लागलं ते. मान, खांदे, जाळीचा पांढरा. दुकानात थांबलेलं एक गिऱ्हाईकही बघायला पुढं आलं.

"नाही," भाची म्हणाली. तिनं आपल्या हातानं कोपरा पुन्हा खाली आणला, पट्टी बांधलेल्या करंगळीच्याही खाली, आणि फ्रेमवाल्याला म्हणाली, "काका, इथून माप घ्या." बहीण काही बोलली नाही. बिल तिनंच दिलं.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं चित्र मुंबईला गेलं, आडवं, तोंड वर करून, बहिणीच्या मांडीवर. आता ते त्यांच्या हॉलमध्ये आहे, ऊन थेट पडत नाही अशा भिंतीवर, हे मी फोनवर पुन्हा पुन्हा विचारून घेतलंय. दिवाळीला येताना भाची तिचे मेलेले बूट घेऊन येणार आहे. तेवढेच काढायचेत मला, रिकामे, खळ सुटून बसके झालेले, टोकावरच्या टाक्यांसकट. गुलाबी कांडी आहे घरात. करड्या मात्र संपत आल्यात, त्या मागवायला सांगितल्यात.